देणगीची विविध रूपे (ग्रामीण विदर्भ)

देणगीची विविध रूपे : रोख रकमेखेरीज धान्य, श्रम, कौशल्य, अवजारे, वेळ किंवा जमीन या रूपांतही मदत मिळावी म्हणून धर्मादाय संस्थेने केलेले आवाहन आणि ती मदत स्वीकारण्याची व्यवस्था. विदर्भाच्या खेड्यांत या पद्धतीचे कारण शेतीच्या हंगामात आहे. पश्चिमेकडे सोयाबीन, कापूस व तूर आणि पूर्वेकडील झाडीपट्टीत धान विकले गेल्यावर, म्हणजे साधारणतः दिवाळीपासून होळीपर्यंत, घरात रोकड असते. आषाढापर्यंत ती बियाणे, खते व निंदणाच्या मजुरीत गेलेली असते. त्या दिवसांत पावतीपुस्तक घेऊन फिरणाऱ्या कार्यकर्त्याला मिळालेला नकार पुष्कळदा खिशाचा असतो, मनाचा नसतो.

भागवत सप्ताहाच्या काल्यासाठी घराघरांतून डाळ-तांदूळ गोळा होणे ही येथील जुनी रीत आहे. गाडगे महाराज (१८७६–१९५६) दिवसा गाव झाडीत आणि रात्री कीर्तन करीत; श्रम हेही दान आहे, हे गावकऱ्यांनी त्यांच्या खराट्यातून पाहिले. १९५१मध्ये पवनारहून पायी निघालेल्या विनोबा भाव्यांना १८ एप्रिल रोजी तेलंगणातील पोचमपल्ली येथे पहिले भूदान मिळाले. पुढे त्यांनी संपत्तिदान, श्रमदान, बुद्धिदान अशी एकेक कल्पना जोडत नेल्यामुळे ज्याच्याजवळ जमीन नाही त्यालाही दाता होता आले. घरातील मुलाने रोज मूठभर धान्य टाकावयाचे ‘सर्वोदय पात्र’ ही त्यांचीच कल्पना होय.

धान्यरूपी वाट्याचे सर्वांत बोलके उदाहरण सेवाग्रामचे आहे. तेथील कस्तुरबा रुग्णालयाने आसपासच्या खेड्यांसाठी चालविलेल्या आरोग्य विमा योजनेत वर्गणी ज्वारीच्या रूपात, सुगीच्या सुमारास घेतली जाई, आणि भूमिहीनाचा वाटा कमी, तर शेतकऱ्याचा वाटा जमिनीच्या प्रमाणात अधिक असे. काटेकोर अर्थाने ही देणगी नव्हे. तथापि मागणीचा काळ आणि मागण्याची वस्तू या दोन्ही गोष्टी देणाऱ्याच्या सोयीने ठरविल्या की सहभाग कसा व्यापक होतो, हे तीवरून कळते. वेळेच्या दानाचे ठळक उदाहरण शेगावच्या गजानन महाराज संस्थानातील सेवेकरी होत. ते पाळीपाळीने येऊन विनामोबदला सेवा देतात.

आवाहन मोघम असले की मदतही मोघम येते. ‘यथाशक्ती मदत करावी’ यापेक्षा ‘चाळीस मुलांच्या वसतिगृहाला महिन्याला दोन क्विंटल तांदूळ लागतो’ असे सांगितल्यास एखादे गाव एक महिना आपल्याकडे घेते. गवंडी दोन दिवस भिंतीला देतो, ट्रॅक्टरवाला नांगरटीची घाई नसताना मुरमाच्या खेपा टाकतो, नागपूर-पुण्याला स्थायिक झालेला गावचा हिशेबनीस संस्थेचे जमाखर्च तपासून देतो. तेरवीच्या जेवणावळीचा खर्च आटोपशीर ठेवून उरलेली रक्कम मृताच्या नावे शाळेला किंवा वाचनालयाला देण्याचा पर्यायही सुचविता येतो, मात्र तो घरच्यांपुढे मांडण्यास गावातील जाणती व्यक्तीच हवी. बाहेरच्या कार्यकर्त्याच्या तोंडी तो उद्धटपणा ठरतो.

प्रत्येक रूपाचा भार वेगळा असतो. धान्याला कोरडी खोली लागते, नाहीतर त्याला पावसाळ्यात सोंडे लागतात. फाटक्या कपड्यांचे गाठोडे नम्रपणे परत करणे हेही संस्थेचे कामच आहे, जरी ते कोणालाच आवडत नसले तरी. वस्तूंची व श्रमाच्या दिवसांची वेगळी नोंदवही ठेवून दात्याला पोच द्यावी लागते. ज्वारीच्या पायलीलाही पावती मिळाली की देणारा पुढच्या सुगीला स्वतःहून येतो. देणगीवरील प्राप्तिकराची वजावट (१९६१च्या अधिनियमात कलम ८०-जी) वस्तुरूप देणगीस मिळत नाही आणि दोन हजार रुपयांहून अधिक रोख देणगीसही मिळत नाही, हे दात्याला आधीच सांगणे रास्त ठरते.

जमिनीच्या दानात सर्वाधिक सावधगिरी लागते. विदर्भासाठी १९५८चा स्वतंत्र कूळवहिवाट व शेतजमीन कायदा असून शेतकरी नसलेल्यास शेतजमीन देण्यावर त्यात निर्बंध आहेत. त्यामुळे परवानगी, नोंदणीकृत बक्षीसपत्र आणि सातबारावरील फेरफार या तिन्ही गोष्टी पुऱ्या झाल्याखेरीज संस्थेने त्या जमिनीवर इमारतीचा पाया खोदू नये.