मॉडरेटर म्हणजे ब्रेक नव्हे

चर्चासत्रात वक्त्यांना आवरतो तो मॉडरेटर. त्यामुळे अणुभट्टीतला मॉडरेटरसुद्धा साखळी अभिक्रियेला, म्हणजे अणूंची केंद्रकं एकामागून एक फुटत जाण्याला, आवर घालत असणार, असा समज सर्रास आढळतो. खरं तर तो नसेल, तर जगातल्या बहुतेक अणुभट्ट्या सुरूच होणार नाहीत! आवर घालतात त्या बोरॉन किंवा कॅडमियमच्या नियंत्रक कांड्या. त्या केंद्रकं फोडणारे न्यूट्रॉन नावाचे कण गिळून टाकतात. मॉडरेटर न्यूट्रॉनना फक्त मंद करतो, म्हणून मराठीत त्याला मंदक म्हणावं.

युरेनियम-२३५चं, म्हणजे युरेनियमच्या सहज फुटणाऱ्या प्रकाराचं, केंद्रक फुटताना बाहेर पडणारे न्यूट्रॉन सेकंदाला सुमारे २०,००० किलोमीटर वेगाने सुटतात. तोच वेग सेकंदाला २.२ किलोमीटरवर आला, की त्यांनी पुढचं केंद्रक फोडण्याची शक्यता काहीशे पटींनी वाढते.

वेग उतरवायचा कसा? गोट्या आठवा. एक गोटी तेवढ्याच वजनाच्या दुसरीवर समोरासमोर आदळली, की पहिली जागीच थांबते आणि दुसरी पळते. तीच गोटी लोखंडी गोळ्यावर मारली तर जवळपास त्याच वेगाने परत येते. हायड्रोजनचं केंद्रक न्यूट्रॉनच्याच वजनाचं, म्हणून साधारण १८ टकरींत न्यूट्रॉन मंद होतो. ड्युटेरियमला, म्हणजे दुप्पट जड हायड्रोजनला, २५ टकरी लागतात. कार्बन बारापट जड; एका टकरीत तो जास्तीत जास्त २८ टक्के ऊर्जा काढून घेऊ शकतो, म्हणून ११५ टकरी. मग सगळीकडे साधं पाणीच का नाही वापरत? कारण त्यातला हायड्रोजन काही न्यूट्रॉन स्वतःच शोषून घेतो. जड पाण्यात साध्या हायड्रोजनच्या जागी ड्युटेरियम असतो; तो न्यूट्रॉन जवळजवळ शोषत नाही, म्हणून तिथे युरेनियम-२३५चं प्रमाण न वाढवलेलं नैसर्गिक युरेनियमही चालतं.

  

आफ्रिकेतल्या गॅबॉन देशात ओक्लो इथे सुमारे दोन अब्ज वर्षांपूर्वी निसर्गानेच अणुभट्टी पेटवली होती. १९७२मध्ये तिचा शोध लागला. ती पेटली त्या काळी युरेनियममध्ये युरेनियम-२३५चं प्रमाण सुमारे ३ टक्के होतं आणि खडकांत झिरपलेलं पाणी मंदक झालं. अर्ध्या तासात पाणी तापून वाफ व्हायचं, मंदक गेला की विखंडन, म्हणजे केंद्रकं फुटणं, थांबायचं. अडीचेक तासांत खडक निवायचा, पाणी पुन्हा झिरपायचं आणि भट्टी पुन्हा पेटायची.