'विनाखोदाई' गटार : एका शब्दामागचा गुंता

नाशिकमध्ये सिंहस्थाआधी रस्ते न उकरता गटार टाकावी अशी मागणी आहे. या विषयातला गोंधळ शब्दापासूनच सुरू होतो. 'भुयारी गटार' म्हणतो खरं, पण तिच्यासाठी सहसा भुयार खणत नाहीत. चर खोदायचा, पाइप टाकायचा, माती लोटायची. जी लाइन खरोखर भुयार करून जाते तिला 'विनाखोदाई' म्हणतात, आणि तिच्याही दोन्ही टोकांना खोल खड्डे लागतातच.

रुळांखालून जॅकने पाइप ढकलण्याची पद्धत अमेरिकेत १८९६ पासूनची. आपल्याकडे तिला 'पुशिंग' म्हणतात. १९७० च्या दशकात जपानने पाइपच्या तोंडाशी दुरून चालणारं यंत्र जोडलं आणि मायक्रोटनेलिंग आलं. १९७१ मध्ये कॅलिफोर्नियात नदीखालून आडवं ड्रिलिंग झालं, ते एचडीडी (हॉरिझॉन्टल डायरेक्शनल ड्रिलिंग). केबल-गॅसच्या कामांमुळे आपल्याला जास्त ओळखीचं झालं ते हेच.

टेंडरमध्ये नुसतं 'ट्रेंचलेस', म्हणजे विनाखोदाई, लिहिलं की यातलं काहीही बसतं, आणि घात तिथेच होतो. केबल वर-खाली गेली तरी चालते. मैला मात्र उतारानेच वाहतो. १:२०० उतार म्हणजे ३० मीटरला १५ सेंटिमीटर. एचडीडीत जमिनीवरून लोकेटर फिरवून ड्रिलच्या डोक्याची खोली मोजतात. त्यात साधारण ५ टक्के चूक धरावी लागते. ४ मीटर खोलीवर ती २० सेंटिमीटर होते, म्हणजे सगळ्या उतारापेक्षा जास्त. मग पाइपला मध्येच पोट येतं, तिथे गाळ बसतो आणि वरच्या बाजूचं चेंबर तुंबतं. मायक्रोटनेलिंगमध्ये लेझरवर नजर ठेवून दिशा सुधारत जातात, चूक साधारण २५ मिलिमीटरच्या आत राखता येते. गुरुत्वाने वाहणाऱ्या मलवाहिकेला स्वस्त म्हणून एचडीडी मंजूर करणं ही काटकसर नव्हे. पंपाच्या दाबाने चालणाऱ्या रायझिंग मेनला ते खुशाल वापरावं.

नाशिकची जमीनही सोपी नाही. वर काळी माती, मग मुरूम, खाली काळा पाषाण. यंत्राच्या तोंडाशी अर्धा मुरूम, अर्धा खडक आला की डोकं मऊ बाजूला, म्हणजे वर उचललं जातं. म्हणून जमीन तपासायचे बोअर आधी, दर शाफ्टच्या (टोकाच्या खड्ड्याच्या) जागी आणि मध्येही घ्यावेत.

आता २०२७ च्या सिंहस्थाआधी रस्ते उकरू नयेत ही मागणी रास्तच आहे. पण सराफ बाजार, भद्रकालीच्या बोळांत जॅकिंगचा ५-६ मीटर लांब खड्डा कुठे घ्यायचा हे आधी ठरवावं लागेल. शिवाय घरांची जोडणी खोल पाइपला मधूनच देता येत नाही. तिच्यासाठी वरून उथळ समांतर लाइन लागते, आणि ती चर खोदूनच टाकावी लागते.