आभाळातून पडलेला थेंब: मोत्याच्या दंतकथांची पार्श्वभूमी

शिंपल्यात वाळूचा कण शिरतो, तो खुपतो, म्हणून आतला जीव त्यावर थर चढवतो आणि मोती तयार होतो. शाळेपासून आपण हेच ऐकत आलो. पण हे जीव राहतातच वाळू-चिखलाच्या सान्निध्यात. आत आलेली वाळू ते सहसा बाहेर टाकतात. नैसर्गिक मोती घडतो तो बहुतेकदा परजीवीमुळे किंवा इजेमुळे. शिंपल्याचं कवच बनवणाऱ्या पडद्याच्या काही पेशी मांसात ढकलल्या जातात, तिथे त्यांची पिशवी होते आणि त्या पिशवीत थरावर थर साचत जातात. म्हणजे वाळूचा कण हीदेखील दंतकथाच म्हणायची, फक्त अलीकडची. तिच्या आधीच्या कथेत वाळू नव्हती, पाऊस होता. ती कथा कितीतरी जुनी आहे आणि माझ्या मते कितीतरी सुंदरही.

अथर्ववेदाच्या चौथ्या कांडात शंखमण्याचं एक सूक्त आहे. त्यात मोत्याला ‘कृशन’ म्हटलंय. वारा, अंतरिक्ष, वीज आणि तेज यांच्यापासून तो जन्मला, असं ऋषी सांगतो. पुढे म्हणतो, देवांचं हाडच कृशन झालं आणि आता ते पाण्यात वावरतं. आयुष्य वाढावं म्हणून हा मणी बांधायचा. समुद्रातून काढलेल्या वस्तूचं माहेर आभाळात आहे, ही कल्पना इथेच दिसते.

आपल्याकडे ती स्वाती नक्षत्राशी जोडली गेली. सूर्य स्वातीत असतो तो ऑक्टोबरच्या अखेरीस आणि नोव्हेंबरच्या सुरुवातीला. पाऊस सरत आलेला असतो, एखादीच सर येते, आणि तिचा थेंब उघड्या शिंपल्यात पडला तर मोती होतो. वामन पंडितांनी मराठीत आणलेल्या भर्तृहरीच्या श्लोकामुळे हा थेंब आपल्याकडच्या अनेक पिढ्यांच्या तोंडी बसला: तापल्या लोखंडावर नाहीसा होणारा, कमळाच्या पानावर मोत्यासारखा भासणारा आणि स्वातीत शिंपल्यात पडून खरोखर मोती होणारा.

तिकडे रोममध्ये पहिल्या शतकात प्लिनी हा लेखक लिहून गेला की शिंपला उघडून दव पितो आणि त्या दवाचा मोती होतो. दव निर्मळ तर मोती शुभ्र, दव गढूळ तर मोतीही तसाच, आणि ढग गडगडले की शिंपला दचकून मिटतो व मोती वाढायचा राहतो. इतकं साम्य कुठून आलं? व्यापार हे एक कारण असणार. दक्षिण भारतातल्या पांड्य देशाचे मोती रोमला जात होते आणि मालाबरोबर गोष्टीही जातात. पण मला दुसरं कारण जास्त पटतं. हिरा खाणीतून ओबडधोबड निघतो, त्याला पैलू पाडावे लागतात. मोती मात्र शिंपला फोडला की तयारच हाती येतो: गोल, गार, ओलसर, थेंबासारखा. म्हणून तर आपण त्याच्या तेजाला ‘पाणी’ म्हणतो. पाणीदार मोती म्हणताना स्वातीचा थेंब आपल्या भाषेत अजून शिल्लक असतो.

वराहमिहिराने तर मोत्याची आठ उगमस्थानं दिली. हत्ती, साप, शिंपला, शंख, मेघ, वेळू, तिमी मासा आणि रानडुक्कर. यातला साप दूरवर भेटतो. ‘मोत्याचं स्तोत्र’ नावाच्या प्राचीन सिरियाक काव्यात पूर्वेकडचा एक राजपुत्र मोती आणायला इजिप्तला जातो. तो मोती सापाच्या पहाऱ्यात असतो. बहारीनच्या जुन्या किल्ल्यात डॅनिश उत्खननात जमिनीखाली पुरलेली भांडी सापडली. त्यांत सापांचे सांगाडे होते आणि काहींमध्ये एकेक बारीक मोती.

बहारीन म्हणजे दोन समुद्र. तिथे समुद्राच्या तळातून गोड्या पाण्याचे झरे फुटत. पाणबुडे खाली जाऊन कातडी पखाली भरून आणत, आणि इथल्या मोत्याचं तेज या गोड्या पाण्यामुळेच, असं मानत. नाकाला चिमटा, पायाला दगड, गळ्यात टोपली, कमरेला दोर: उन्हाळ्याचे चार महिने दिवसभर बुड्या मारायच्या. किनाऱ्यावर बायका समुद्राला तोबा करायला सांगणारी गाणी म्हणत. माणसं परत दे, एवढंच त्यांचं मागणं. पुढे बसऱ्याचा म्हणून ओळखला गेलेला मोती या इराणच्या आखातातलाच. तो मुंबईला यायचा. तिथे त्याची प्रतवारी व्हायची, त्याला भोकं पाडली जायची. जुन्या नथींतले, तन्मणीतले आणि चिंचपेटीतले अनेक मोती याच वाटेने आपल्या घरांत आले.

चिनी कथांमध्ये समुद्रातले जलमानव रडले की त्यांच्या अश्रूंचे मोती होतात. दक्षिण चीनच्या किनाऱ्यावरच्या हेपूची कथा वेगळी. हान काळात तिथल्या लोभी अधिकाऱ्यांनी मोती इतके उपसले की ते दुसऱ्या किनाऱ्यावर निघून गेले. मंग चांग नावाचा नेक अधिकारी आला, त्याने उपसा आवरला आणि मोती परतले. अतिउपशाची इतकी स्वच्छ नोंद दंतकथेत क्वचितच सापडते.

मोती म्हणजे अश्रू, या समजुतीने युरोपात काही ठिकाणी नवरीला मोती घालू देत नाहीत. आपल्याकडे तिच्या कपाळावर मोत्यांच्याच मुंडावळ्या बांधतात. तरी शोकासाठी मराठीने मोती वापरला तो पानिपतानंतर, १७६१ साली. ‘दोन मोती गळाले, सत्तावीस मोहरा हरवल्या’ हा सांकेतिक मजकूर पुढे घरोघरी माहीत झाला. ते दोन मोती म्हणजे भाऊसाहेब आणि विश्वासराव.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तोकिची निशिकावा आणि तात्सुहेई मिसे या जपानी संशोधकांनी गोल मोती पिकवण्याचं कोडं सोडवलं. शिंपल्यात नुसता मणी ठेवून भागत नाही, सोबत दुसऱ्या शिंपल्याच्या पडद्याचा तुकडा लागतो. कोकिची मिकिमोतो यांनी १८९३ मध्ये अर्धगोल मोती पिकवला होताच. पुढे गोल मोत्यांचा मोठा धंदा त्यांनीच उभा केला. १९३० च्या दशकात हे मोती आणि जागतिक मंदी एकाच वेळी आखातावर आदळली. होड्या किनाऱ्याला लागल्या, मुंबईतल्या अरब व्यापाऱ्यांच्या पेढ्याही ओस पडू लागल्या. त्यानंतर स्वातीच्या पावसाकडे मोत्यासाठी डोळे लावणारं कुणी उरलं नाही.