मोठे गोटे घेतले तर कमी लागतात?

सोसायटीच्या बागेत पांढरे गोटे टाकायचं ठरलं की सभेत कुणीतरी हमखास म्हणतं, "मोठे घ्या हो, कमी लागतात. मोठ्या गोट्यांत फटी मोठ्या राहतात ना!" सगळ्यांच्या माना डोलतात. फटी मोठ्या राहतात हे खरंच आहे, पण त्यामुळे गोटे कमी लागतात हे साफ चूक. ते का चूक, हे कळायला शाळेतली भूमिती पुरते.

एका खोक्यात एकसारखे अर्धा इंची गोटे भरले आहेत असं समजा. आता खोक्यासकट सगळं तिप्पट मोठं करा. गोटे दीड इंची झाले. दगडाचं घनफळ २७ पट झालं, फटींचंही २७ पट आणि खोक्याचंही २७ पटच. म्हणजे दगड आणि पोकळी यांचं प्रमाण होतं तेच राहिलं. प्रत्येक फट मोठी झाली, पण तेवढ्याच जागेत फटींची संख्या त्याच हिशोबाने घटली. एक घनफूट बारीक गोटे आणि एक घनफूट मोठे गोटे यांचं वजन जवळपास सारखंच भरतं. अट एवढीच की दगड एकाच जातीचा आणि घडणीचा हवा, आणि प्रत्येक ढिगातले गोटे आपापसात एकाच मापाचे हवेत.

मग ही पोकळी असते तरी किती? इथे थोडं विषयांतर करतो, कारण या प्रश्नावर मोठमोठ्या लोकांनी डोकं लावलं आहे. १६११ मध्ये खगोलशास्त्रज्ञ केप्लरने म्हटलं की गोळे जास्तीत जास्त दाटीने रचायचे तर फळवाला संत्री रचतो तसेच रचावेत. त्या रचनेत सुमारे ७४ टक्के जागा भरते. हे बरोबर असल्याची सिद्धता गणिती थॉमस हेल्स यांनी १९९८ मध्ये मांडली, तीही संगणकाच्या मदतीने. पण गोटे कुणी रचत नाही, पोतं उपडं करतात. अशा ओतलेल्या ढिगाचा अभ्यास लंडनमध्ये शास्त्रज्ञ जे. डी. बर्नाल यांनी १९६०च्या सुमारास केला. त्यांना खरं तर द्रवांची अंतर्रचना समजून घ्यायची होती. पोलादी छऱ्यांच्या ढिगात काळा रंग ओतून तो निथळू दिला. रंग वाळल्यावर, जिथे दोन छरे टेकले होते तिथे खुणा उरल्या. त्या चक्क मोजल्या! असा ढीग हलवून, ठोकून कितीही बसवला तरी तो ६४ टक्क्यांच्या आसपास अडतो. नुसता अलगद ओतला तर त्याहून सैल राहतो.

७४ पर्यंत का पोचत नाही? कारण गोळा सर्वांत चांगली जागा शोधत बसत नाही, आधार मिळाला की थांबतो. गोळ्याला सरकायला तीन दिशा असतात. त्या रोखायला गोळ्यामागे सरासरी तीन स्पर्श लागतात, आणि प्रत्येक स्पर्श दोन गोळ्यांत वाटला जात असल्याने एका गोळ्याला सरासरी सहा शेजारी टेकलेले असले की (घर्षण बाजूला ठेवलं तर) ढीग अडकतो. केप्लरच्या रचनेत मात्र प्रत्येकाला बारा शेजारी असतात. आता गोळा जरा चपटा करा. तो सरकतो आणि शिवाय कलंडतोही, म्हणजे आणखी दोन हालचाली वाढल्या. त्याला अडकवायला सरासरी दहा स्पर्श लागतात, म्हणजे ढीग जास्त दाट व्हावाच लागतो. प्रिन्स्टन विद्यापीठातल्या गटाने २००४ मध्ये जेम्ससारख्या चपट्या चॉकलेट गोळ्यांवर हे करून पाहिलं, तेव्हा ६८ ते ७१ टक्के जागा भरली. मापापेक्षा घडण महत्त्वाची, ती अशी.

खऱ्या दगडांना घर्षण असतं, ते एकमेकांना अडतात. त्यामुळे गुळगुळीत गोट्यांत साधारण ४० टक्के पोकळी धरावी, क्रशरच्या टोकदार खडीत थोडी जास्त.

आता हिशोब. २० फूट × ६ फूट वाफा, दोन इंचांचा थर. घनफळ २० घनफूट, म्हणजे ०.२ ब्रास किंवा ०.५७ घनमीटर. गोटे संगमरवराचे धरू, त्याची घनता घनमीटरला २.७ टन. ४० टक्के पोकळी वजा केली की १.६२ टन उरते. गुणाकार केला की सुमारे ९२० किलो, म्हणजे २५ किलोची ३७ पोती. पोकळी विसरून थेट २.७ ने गुणलं तर ६२ पोती येतात! वरची २५ पोती मग जिन्याखाली पडून राहतात. जमीन अर्धा इंच खाली-वर असेल तर दोन इंचांच्या थरात २५ टक्क्यांची चूक तिथेच होते, त्यामुळे मोबाइलवरच्या कॅल्क्युलेटरने दोन दशांश स्थळांपर्यंत दिलेल्या उत्तराला भुलू नये.

आणि मोठे गोटे? माती दिसू नये म्हणून थर गोट्याच्या दीड-दोन पट जाड लागतो. गोटा मोठा तर थर जाड, म्हणजे मोठे गोटे उलट जास्तच लागतात.

ब्रासवर माल घेणाऱ्यांना आणखी एक गोष्ट छळते. ट्रक क्रशरवरून काठोकाठ भरून निघतो आणि दारात येईपर्यंत चार बोटं खाली बसलेला असतो. दर वेळी चोरीच असते असं नाही. हादऱ्यांनी सैल ढीग घट्ट होतो, घनफळ घटतं, वजन तेवढंच राहतं. म्हणून काट्यावरचं वजन मागावं. तसंच एक ब्रास खडीत एक ब्रास चुरी मिसळली तर दोन ब्रास होत नाही. चुरी खडीच्या फटींत शिरते. काँक्रीट याच तत्त्वावर चालतं.

शंका असेल तर २० लिटरची बादली ओल्या गोट्यांनी काठापर्यंत भरा आणि मापाने पाणी ओता. आठ लिटर मावलं तर पोकळी ४० टक्के. जांभा स्वतःच पाणी पितो, त्याच्यावर हा प्रयोग फसतो.

ईशान्येला पांढरे गोटे टाकले की घरात 'ऊर्जा' वाढते असं सांगणारेही भेटतात. वाढतं ते फक्त वजन. गच्चीवरच्या बागेत ते जरूर मोजावं. दोन इंचांचा थर दर चौरस मीटरला ८२ किलो भरतो, चार इंचांचा १६५. लोकांची ये-जा असलेल्या गच्चीसाठी भारतीय मानकात धरलेला चल भार दर चौरस मीटरला साधारण १५० किलो आहे, आणि तो माणसांसाठी आहे, कायम पडून राहणाऱ्या दगडांसाठी नाही. त्यात पावसाळ्यात पाइप तुंबला की त्या ४० टक्के पोकळीत पाणी भरतं: चार इंचांच्या थरात दर चौरस मीटरला आणखी ४० किलो.