लघुग्रहाचा फोटो आणि मोजमाप (हौशी निरीक्षण)

मंगळ आणि गुरूच्या मधे, सूर्यापासून साधारण २.१ ते ३.३ खगोलीय एककांवर (एक एकक म्हणजे पृथ्वी-सूर्य अंतर) फिरणाऱ्या लघुग्रहांचे फोटो काढून त्यांची जागा आणि तेज मोजणं, हा हौशी खगोलप्रेमींचा जुना उद्योग. फोटो बघून कुणी वा वा करणार नाही, कारण दिसतो तो नुसता ठिपका, शेजारच्या ताऱ्यासारखाच. फरक एवढाच की तासाभराच्या अंतराने काढलेल्या फ्रेम्स आलटून पालटून पाहिल्या की तारे जागच्या जागी आणि हा पठ्ठ्या सरकलेला! प्रतियुतीच्या (आपल्या आकाशात लघुग्रह सूर्याच्या बरोबर विरुद्ध बाजूला असतो त्या वेळेच्या) सुमारास वेग मिनिटाला साधारण अर्धी विकला (अंशाचा साठावा भाग ती कला, कलेचा साठावा भाग ती विकला), त्यामुळे एक-दोन मिनिटांचं एक्स्पोजर खुशाल द्या, रेघ उमटत नाही.

जागा मोजायची तर सॉफ्टवेअर फ्रेममधले तारे गाया या अंतराळ दुर्बिणीच्या ताऱ्यांच्या कॅटलॉगशी जुळवून ठिपक्याचे विषुवांश आणि क्रांती (आकाशातले रेखांश-अक्षांशच म्हणा) काढून देतं, ॲस्ट्रोमेट्रिका त्यासाठी बरंच वापरलं जातं. मापं जातात लघुग्रहांच्या नोंदी ठेवणाऱ्या अमेरिकेतल्या मायनर प्लॅनेट सेंटरकडे, पण आधी कक्षा पक्की माहीत असलेले लघुग्रह मोजून पाठवायचे आणि वेधशाळेचा तीन अक्षरी कोड मिळवायचा. वेळ लिहायची ती एक्स्पोजरच्या मध्याची आणि जागतिक वेळेत. घड्याळ सेकंदभर चुकलं तर इतक्या संथ वस्तूला काही फरक पडत नाही, पण आपल्याकडचे साडेपाच तास वजा करायचे राहिले की लघुग्रह पावणेतीन कला भलतीकडेच!

खरी मजा तेज मोजण्यात आहे. २१६ क्लिओपात्रा घ्या, योहान पालिसाने १८८० मध्ये शोधलेला, जवळपास २७० किलोमीटर लांब आणि दोन्ही टोकांना फुगीर, कुत्र्याच्या हाडासारखा. स्वतःभोवती ५.३८५ तासांत फिरतो म्हणजे एकाच रात्रीत अख्खी फेरी हाताला लागते, आणि आडवा दिसतो तेव्हा उजळ, टोक आपल्याकडे आलं की मंद, असं एका फेरीत दोनदा. कधीकधी हा फरक एका प्रतीच्याही (प्रत म्हणजे तेज मोजायचं एकक) वर जातो, म्हणजे तेज अडीच पटीने कमीजास्त. त्याच फ्रेममधल्या स्थिर ताऱ्यांशी तुलना करत गेलं की प्रकाशवक्र, म्हणजे वेळेनुसार तेजाचा आलेख, तयार, फक्त डार्क आणि फ्लॅट (कॅमेऱ्याचे दोष वजा करायला झाकण लावून आणि एकसारख्या उजेडात काढलेल्या फ्रेम्स) काढायचा कंटाळा नको, आणि लघुग्रह एखाद्या ताऱ्यावरून जात असेल तर त्या फ्रेम्स सरळ फेकून द्यायच्या.

फिरायला १२ किंवा २४ तासांच्या जवळपास लागत असतील तर मात्र पंचाईत, रोज तीच बाजू समोर येते. मग दुसऱ्या रेखांशावरचा जोडीदार शोधावा लागतो, आणि भारतातल्या निरीक्षकाला इथे भाव आहे कारण आपल्याकडे रात्र असते तेव्हा अमेरिकेत दिवस (पावसाळ्याचे चार महिने सोडून, तेव्हा आपला भाव शून्य). आकार काढायचा असेल तर एका प्रतियुतीवर भागत नाही, वेगवेगळ्या वर्षी वेगवेगळ्या कोनातून घेतलेले वक्र लागतात. मोठ्या दुर्बिणींना एका दगडामागे इतक्या रात्री घालवणं परवडत नाही, म्हणून हे काम बरंचसं अंगणातल्या आणि गच्चीवरच्या दुर्बिणींकडे येतं.