निबंध आठ गुणांचा कसा झाला

दहावीच्या मराठी प्रथम भाषेची कृतिपत्रिका ८० गुणांची असते. तिच्या शेवटच्या विभागात 'लेखनकौशल्य' नावाची एक कृती येते: प्रसंगलेखन, आत्मकथन आणि वैचारिक लेखन यांपैकी कोणतेही एक, गुण ८, शब्दमर्यादा १०० ते १२०. ओळीत आठ-नऊ शब्द धरले तर हे तेरा-चौदा ओळींचे काम आहे. तीन तास ८० गुणांत वाटले तर त्याच्या वाट्याला अठरा मिनिटे येतात. छापील नाव काहीही असो, वर्गात आणि शिकवणीत सगळे याला निबंधच म्हणतात. या शब्दाचा मूळ आवाका मात्र चौदा ओळींत मावणारा नव्हता.

संस्कृतात निबंध म्हणजे बांधून, एकत्र करून ठेवलेले. धर्मशास्त्रात ज्यांना 'निबंधग्रंथ' म्हणतात ते असेच. देवगिरीच्या यादवांचा मंत्री हेमाद्री याने तेराव्या शतकात केलेला 'चतुर्वर्गचिंतामणी' हा त्यांतला मोठा ग्रंथ, आणि पंढरपूरच्या काशीनाथ उपाध्यायांचा अठराव्या शतकाच्या अखेरचा 'धर्मसिंधु' हा घरोघरी पोहोचलेला. त्यांची रीत ठरलेली असे. एका प्रश्नावर विखुरलेली वचने गोळा करायची, परस्परविरोधी मते शेजारी मांडायची आणि मग निर्णय द्यायचा. सुंदर भाषा ही त्यातली गौण बाब. आज वैचारिक लेखन शिकवताना 'आधी दोन्ही बाजू मांड, मग तुझे मत दे' असे सांगितले जाते, त्याचे मूळ शोधायला युरोपातच जावे लागते असे नाही.

पंतोजींच्या शाळेत मात्र निबंध नव्हता. धूळपाटीवर अक्षरे, पावकी-निमकीसह पाढे, मोडी वाचन आणि पत्रलेखन एवढा तिथला अभ्यास. कोणाला कोणता मायना लिहायचा, थोरांना काय, बरोबरीच्यांना काय, हे मुले पाठ करत, कारण शिकून कारकुनी किंवा हिशेब हेच करायचे असे. म्हणजे प्रश्नपत्रिकेतला पत्रलेखनाचा प्रश्न निबंधाच्या प्रश्नाहून वयाने मोठा आहे. मोडीचा आणखी एक वारसा उरला. त्या लिपीत इकार आणि उकार यांचे ऱ्हस्व-दीर्घ भेद सहसा पाळले जात नसत, विरामचिन्हे नसत, शब्दही सलग लिहिले जात. छापखाना आल्यावर शाळेची पुस्तके बाळबोध (देवनागरी) लिपीत निघू लागली आणि हे भेद पाळणे भाग पडले. दादोबा पांडुरंगांचे व्याकरण १८३६ मध्ये आले. मराठीत विरामचिन्हांची पद्धत बसवण्याचे श्रेय मेजर थॉमस कँडी यांना दिले जाते. पूर्णविराम आणि परिच्छेद नसता तर आजच्या अर्थाने निबंध लिहिताच आला नसता. वाक्य कुठे संपले हेच परीक्षकाला कळले नसते.

विद्यार्थ्यांनी विषयावर लेख लिहून तो सभेत वाचायचा, ही पद्धत मुंबईत १८४८ मध्ये आकाराला आली. एल्फिन्स्टन संस्थेतल्या विद्यार्थ्यांच्या साहित्य-विज्ञान सभेची मराठी शाखा, ज्ञानप्रसारक सभा, त्या वर्षी दादोबा पांडुरंगांच्या अध्यक्षतेखाली सुरू झाली, आणि १८५० पासून 'मराठी ज्ञानप्रसारक' हे मासिक निघू लागले. त्यात विज्ञान होते, इतिहास होता, रीतिरिवाज आणि समाजसुधारणा होती. निबंध हा तेव्हा भाषेच्या तासापुरता नव्हता. कोणत्याही विषयातले समजलेले दुसऱ्याला समजावून सांगण्याचे ते साधन होते.

शाळकरी निबंधाचा मराठीतला सर्वांत भक्कम नमुना लगेच पुढे, १८५५ मध्ये सापडतो. पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या मांग समाजातल्या मुलीचा, मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध 'ज्ञानोदय' या नियतकालिकाने त्या वर्षी दोन भागांत छापला. त्याचा आशय इथे सांगत बसायचे कारण नाही. बांधणी पाहण्यासारखी आहे. सुरुवातीला ती प्रतिपक्षाचेच विधान उचलते: वेद ही फक्त ब्राह्मणांची मालमत्ता. मग त्यातूनच निष्कर्ष काढते की तसे असेल तर आमच्याकडे धर्मग्रंथ नाही, आणि मग आमचा धर्म कोणता? त्यानंतर पुरावे येतात, तेही ठिकाणासह: पेशवाईत तालीमखान्यावरून गेलेल्यांना झालेली शिक्षा, इमारतींच्या पायात पुरलेली माणसे. शेवटी आपल्याच लोकांना अभ्यास करण्याची हाक. विधान, त्यावरून निघणारा पेच, पुरावा, मागणी हा क्रम कोणत्याही वकिलाला शोभेल असा आहे. प्रस्तावनेत एकही सुभाषित नाही. आज 'आकर्षक सुरुवात' म्हणून कवितेच्या दोन ओळी चिकटवायला शिकवतात, त्यांनी हा निबंध एकदा मुलांबरोबर वाचावा.

१८५७ मध्ये मुंबई विद्यापीठ स्थापन झाले आणि १८५९ मध्ये पहिली मॅट्रिक झाली. त्यात उत्तीर्ण झालेल्यांत रानडे आणि भांडारकर होते. इथून निबंधाची जागा सभेतून परीक्षेच्या खोलीत गेली. वरच्या वर्गांचे माध्यम इंग्रजी असल्याने इतिहास, तत्त्वज्ञान, शास्त्र यांतली विस्तृत उत्तरे इंग्रजीत लिहायची, आणि मराठी उरली ती भाषांतर, व्याकरण आणि कविता यांपुरती. विद्यापीठाच्या वरच्या परीक्षांतून तर मराठी १८६०च्या दशकात बाहेरच पडली. ती परत आणण्यासाठी न्यायमूर्ती रानड्यांना शतक संपेपर्यंत खटपट करावी लागली. शाळेतला मराठी निबंध विषयांपासून तुटला तो इथे, असे आमचे मत आहे. 'ज्ञानप्रसारक'च्या काळात वनस्पतींवर मराठीत लिहिणारा विद्यार्थी होता. दोन पिढ्यांनंतर त्याला वनस्पतींवर इंग्रजीत आणि 'सकाळची शोभा' या विषयावर मराठीत लिहावे लागत होते.

जानेवारी १८७४ मध्ये विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी 'निबंधमाला' सुरू केली तेव्हा ते सरकारी शाळेत शिक्षक होते. मासिक सात वर्षे चालले, अंक ८४ निघाले, आणि भाषा, इतिहास, कविता, वक्तृत्व अशा विषयांवर प्रदीर्घ निबंध त्यात आले. लांब वाक्य तोल न जाऊ देता कसे चालवायचे, उपरोध कुठे करायचा, विरोधकाला आधी बोलू देऊन मग कसे गाठायचे, हे मराठी लेखकांच्या पुढच्या पिढीने त्यावरून घेतले. (ते नाव पुढे तयार निबंधांच्या पुस्तकांनी उचलले. 'मराठी निबंधमाला' मागितली तर आज दुकानदार दहावीचा संग्रह पुढे करतो.)

१९२०-३०च्या दशकांत ना. सी. फडके, वि. स. खांडेकर, अनंत काणेकर यांच्या लघुनिबंधाने वळण बदलले. 'मी' पुढे आला, विषय साधे झाले, युक्तिवादाऐवजी गप्पा आल्या. साहित्यात ते ताजेपण होते. शाळेत मात्र त्याचे साचे झाले: फाटक्या पुस्तकाचे आत्मवृत्त, नदीचे मनोगत, सूर्य उगवला नाही तर. आत्मकथनाला आजही कृतिपत्रिकेत स्वतंत्र जागा आहे. त्यात नेमकी चूक होते ती दृष्टिकोनाची. पुस्तक बोलते आहे म्हटल्यावर पुस्तकाला जे दिसेल, ऐकू येईल, सोसावे लागेल तेवढेच लिहायचे: बांधणी सुटली, पाने दुमडली, रद्दीच्या तराजूत बसावे लागले. पण तिसऱ्या ओळीत पुस्तक 'आजच्या तरुण पिढीने वाचनसंस्कृती जपली पाहिजे' असे भाषण करू लागते आणि आठातले तीन गुण तिथेच जातात.

गुण जाण्याचा प्रश्न निघालाच आहे तर गुणदानाकडे वळू, कारण शब्दमर्यादेचे मूळ तिथे आहे. १९१२ मध्ये अमेरिकेत स्टार्च आणि एलियट या दोघांनी इंग्रजीच्या त्याच उत्तरपत्रिकांच्या प्रती अनेक शाळांतल्या शिक्षकांकडून तपासून घेतल्या. १४२ शिक्षकांनी दिलेल्या गुणांत शंभरपैकी तीसहून अधिक गुणांचा फरक निघाला. भाषेत असे व्हायचेच, असा आक्षेप आल्यावर त्यांनी पुढच्या वर्षी भूमितीची उत्तरपत्रिका घेतली. तिथला फरक आणखी मोठा होता. स्वतंत्र भारतात माध्यमिक शिक्षणावरच्या मुदलियार आयोगाने १९५२-५३ मध्ये निबंधवजा प्रश्नांवरच्या परीक्षेतल्या याच मनमानीवर बोट ठेवले. त्याच दशकाच्या अखेरीस अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ बेंजामिन ब्लूम भारतात येऊन गेले आणि प्रश्न उद्दिष्टांनुसार तोडण्याचे वारे सुरू झाले. महाराष्ट्रात जुनी अकरावीची एसएससी जाऊन १९७५ मध्ये दहावीची पहिली परीक्षा झाली. त्यानंतर दीर्घोत्तरी प्रश्न आखूड होत गेले, मुद्दे देऊन लिहायला सांगितले जाऊ लागले आणि नमुना उत्तरे आली. परीक्षक आणि त्याची तपासणी पुन्हा पाहणारा नियामक यांचे गुण जुळावेत हा हेतू रास्तच होता. किंमत अशी की १२० शब्दांत दोन बाजू आणि निर्णय बसवणे भल्याभल्यांना जमत नाही, म्हणून मुले एकच बाजू घेतात.

शुद्धलेखनाचा भाग त्याहून सरळ आहे. मराठी साहित्य महामंडळाचे १४ नियम १९६२ मध्ये शासनाने स्वीकारले, १९७२ मध्ये आणखी ४ आले. 'नाहीं', 'कां' यांवरचे अनुच्चारित अनुस्वार गेले, अंत्य इकार-उकार दीर्घ झाले. आजी-आजोबांच्या पिढीचे निबंध तपासायला दिले तर आज त्यांत चुकांची रांग लागेल. तो दोष लिहिणाऱ्यांचा नाही, नियम बदलल्याचा आहे. आजची मुले सर्वाधिक अडखळतात ती सामान्यरूपात, म्हणजे प्रत्यय लागताना शब्दाच्या होणाऱ्या रूपात: 'पाणी' पण 'पाण्याचा', 'फूल' पण 'फुलांचा'.

भाषेच्या पेपरात निबंध आठ गुणांवर आला, पण बाकीच्या विषयांत तो नाव बदलून टिकला आहे. इतिहासात 'टीप लिहा', भूगोलात 'भौगोलिक कारणे लिहा', विज्ञानात 'शास्त्रीय कारणे लिहा'. मुलांना हे निबंधाचेच भाऊ आहेत असे कोणी सांगत नाही. म्हणून मराठीच्या तासाला शिकलेली फुलोऱ्याची सवय ती तिथे नेतात, किंवा उलट काहीच नेत नाहीत आणि एका वाक्यात सुटतात.

'दर्पण' या वृत्तपत्रावरची टीप घ्या. 'वृत्तपत्र हा समाजाचा आरसा असतो' अशी सुरुवात हमखास होते, नावामुळे मोहही होतो. त्या वाक्याला गुण नाही. गुण आहेत ते ६ जानेवारी १८३२ या तारखेला, मुंबई या ठिकाणाला, बाळशास्त्री जांभेकर या नावाला, इंग्रजी आणि मराठी मजकूर शेजारी-शेजारी छापला जाई या वैशिष्ट्याला आणि ते कशासाठी काढले या कारणाला. पाच गोष्टी, चार-पाच वाक्ये. मत शेवटी एका वाक्यात, तेही आधीच्या तपशिलावर उभे असेल तरच.

विज्ञानातले कारण म्हणजे लहानसा युक्तिवाद. थंड प्रदेशात हिवाळ्यात पाण्याचे नळ फुटतात, का? 'पाणी गोठते म्हणून' हे उत्तर अर्धेच. नियम सांगावा लागतो: पाणी ४ अंश सेल्सियसखाली आकुंचन न पावता प्रसरण पावते. मग तो नियम प्रसंगाला लावावा लागतो: बर्फ होताना आकारमान वाढते, नळात जागा नसते, भिंतींवर दाब येतो. मग परिणाम. नियम आणि परिणाम यांच्यामधला दुवा बहुतेक वेळा गळतो, कारण तो मुलाला उघड वाटतो. भूगोलातही तेच. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस आणि तीस-पस्तीस किलोमीटरवरच्या वाईला हजाराच्या आत, याचे कारण 'पर्जन्यछायेचा प्रदेश' या दोन शब्दांत संपत नाही. वारे सह्याद्रीला अडून वर चढतात, थंड होतात, पाऊस देतात. पलीकडे उतरताना तापतात आणि कोरडे होतात. क्रम उलटा लिहिला तर सगळे शब्द बरोबर असूनही उत्तर चुकते.

या सगळ्यात पत्रलेखन मात्र जागेवर आहे, कृतिपत्रिकेत ६ गुणांना. 'तीर्थरूप बाबांस शिरसाष्टांग नमस्कार' लिहिण्याची जागा उजवीकडे की डावीकडे यावर पूर्वी गुण कापले जात. २०१८ पासूनच्या दहावीच्या नव्या आराखड्यात पत्र ई-मेलच्या धाटणीने लिहायचे आहे: तारीख, प्रति, विषय, मजकूर, सारे डाव्या समासाला लागून. पंतोजींनी पाठ करून घेतलेला मायना असा समास बदलून अजून शाळेत बसला आहे.