ओपीडीतली वाट : बाह्यरुग्ण विभागाच्या नकाशामागचा इतिहास

लंडनच्या सेंट बार्थोलोम्यूज रुग्णालयातल्या एका तरुण डॉक्टरांनी 1878 साली आपल्या कामाचा हिशेब छापून मांडला. वर्षभरात त्यांनी 30,940 रुग्ण पाहिले होते आणि प्रत्येकाच्या वाट्याला सरासरी 1.28 मिनिटे आली होती. म्हणजे जेमतेम 77 सेकंद. हे डॉक्टर रॉबर्ट ब्रिजेस. पुढे ते ब्रिटनचे राजकवी झाले. ओपीडीतली गर्दी इतकी नेमकी मोजलेली त्या काळात क्वचितच सापडते. पण या आकड्यात मोजली आहेत ती डॉक्टरांची मिनिटे. बाकावर बसलेल्याची मिनिटे मोजायला आणखी बराच काळ जावा लागला, आणि बाह्यरुग्ण विभागाची मांडणी कशी बदलत गेली हे समजून घ्यायचे तर हाच धागा धरावा लागतो.

त्या काळी बाह्यरुग्ण विभाग म्हणजे एक मोठे दालन, त्यात बाकांच्या रांगा, कडेने डॉक्टरांच्या खोल्या आणि शेवटी औषधाची खिडकी. सगळ्यांना एकाच वेळी बोलावायचे आणि दारे बंद करायची. पुढचा उठला की सगळी ओळ एक जागा सरकायची. रांग आपोआप लागे, कुणाला नंबर द्यावा लागत नसे. रुग्णालयांच्या इमारतींवर तेव्हा विचार होत नव्हता असे मुळीच नाही. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी 1859 मध्ये वॉर्डांची रचना, खिडक्या, दोन खाटांमधले अंतर यांवर बारकाईने लिहिले होते. पण तो विचार मुख्यतः खाटेवरच्या रुग्णाभोवती फिरत राहिला. चालत येऊन चालत परत जाणाऱ्या रुग्णाच्या वाटेला तितके लक्ष मिळाले नाही.

ही वाट मुळापासून आखली गेली ती अमेरिकेत, रॉचेस्टरच्या मेयो क्लिनिकमध्ये. तिथले डॉ. हेन्री प्लमर यांनी आधी कागदाला हात घातला. प्रत्येक डॉक्टरच्या वेगळ्या वहीऐवजी 1907 पासून प्रत्येक रुग्णाला एक क्रमांक आणि एकच फाइल. मग 1914 साली उभ्या राहिलेल्या इमारतीत तपासणीच्या खोल्या, प्रयोगशाळा आणि एक्स-रे एका छताखाली आले. फाइल रुग्णाच्या हाती देण्याऐवजी ती यंत्राने एका मजल्यावरून दुसऱ्या मजल्यावर जाईल, अशी सोय पुढे होत गेली. मला यात सर्वात मोलाचे वाटते ते हे : कागद धावू लागला, तेव्हा माणसाची एक फेरी वाचली. आजही ओपीडीत रुग्ण किंवा त्याचा नातेवाईक रिपोर्ट हातात घेऊन जिने चढताना दिसतो, तेव्हा शंभर वर्षांपूर्वी सुटलेला प्रश्न तिथे अजून तसाच पडलेला असतो.

पुढचा टप्पा गणिताचा. टेलिफोनच्या तारांवर कॉल कसे तुंबतात, याचा हिशेब डेन्मार्कच्या ए. के. एरलांग यांनी 1909 मध्ये मांडला होता. तोच विचार ब्रिटिश संख्याशास्त्रज्ञ नॉर्मन बेली यांनी 1952 साली रुग्णालयाच्या रांगेला लावला. संगणक हाताशी नसताना यादृच्छिक, म्हणजे चिठ्ठ्या काढल्यासारखे कसेही येणारे आकडे घेऊन त्यांनी काल्पनिक ओपीडी कागदावर चालवून पाहिली. निष्कर्ष साधा होता. डॉक्टर क्षणभरही रिकामे बसू नयेत म्हणून रुग्णांना भाराभर आधी बोलावले जाते, आणि डॉक्टरांची ती थोडी मिनिटे वाचवण्यासाठी रुग्णांचे तासन् तास खर्ची पडतात. त्यांची शिफारस अशी : सुरुवातीला दोघांना बोलवा, नंतर तपासणीला सरासरी जितका वेळ लागतो तितक्या अंतराने एकेकाला.

याचा नकाशाशी संबंध काय, असे वाटेल. 1961 मध्ये जॉन लिटल यांनी सिद्ध केलेला नियम तो संबंध दाखवतो : आत असलेल्यांची सरासरी संख्या म्हणजे येण्याचा वेग गुणिले आत राहण्याचा वेळ. तासाला 60 रुग्ण येत असतील आणि प्रत्येक जण दीड तास अडकत असेल, तर कोणत्याही क्षणी 90 जण आत असणार. सोबतचे नातेवाईक धरले तर खुर्च्या दुप्पट. तोच मुक्काम 40 मिनिटांवर आला की 90 चे 40 होतात, भिंत न पाडता. प्रतीक्षा कक्ष मोठा करणे हा म्हणूनच बहुतेकदा चुकीच्या जागी केलेला खर्च असतो.

कारखान्यांची आखणी करणारे रिचर्ड म्यूथर यांनी त्याच सुमारास कोणता विभाग कोणाशेजारी हवा, याचा तक्ता बनवण्याची पद्धत रूढ केली. अगदी लागून हवे ते ए, मुळीच जवळ नको ते एक्स. रक्त घेण्याची जागा तपासणीच्या खोलीजवळ हवी, खोकणाऱ्यांची बसण्याची जागा लहान मुलांपासून लांब हवी, हे अशा तक्त्यात चटकन दिसते. ब्रिटनमध्ये रिचर्ड लेवेलिन डेव्हिस आणि जॉन वीक्स या वास्तुविशारदांनी नफील्ड ट्रस्ट या आरोग्यसेवेसाठी काम करणाऱ्या संस्थेसाठी रुग्णालयांच्या कामाचा अभ्यास केला. तो 1955 मध्ये प्रसिद्ध झाला. वीक्स यांनी पुढे लंडनचे नॉर्थविक पार्क रुग्णालय आखले ते विभाग पुढे वाढतील, बदलतील, हे गृहीत धरूनच.

एक वाद तेव्हापासून चालू आहे : डॉक्टरांनी बोलायची आणि तपासायची खोली एकच असावी की वेगळी? एका डॉक्टरला दोन खोल्या दिल्या की एक रुग्ण कपडे घालत असताना दुसरा तयार असतो. वाचणारा वेळ खरा आहे. पण गुडघे धरून आलेल्या आजींना टेबलावर चढायला-उतरायला लागणारी मिनिटे कोणी मोजली, यावर सगळे अवलंबून आहे.

सिअ‍ॅटलच्या व्हर्जिनिया मेसन रुग्णालयाने 2002 पासून मोटारी बनवणाऱ्या टोयोटाची, वाया जाणारा वेळ आणि हालचाल कमी करण्याची कार्यपद्धती स्वीकारली. तिथे घडलेली एक गोष्ट मला विसरता येत नाही. कर्करोगाच्या रुग्णाला उपचारासाठी कुठून कुठे जावे लागते, ते इमारतीच्या नकाशावर निळ्या लोकरीच्या धाग्याने दाखवायला सांगितले गेले. धागा इकडून तिकडे, वर-खाली जातच राहिला. इतकी वर्षे तिथे काम करणाऱ्यांनी ती वाट अशी एकत्र कधी पाहिलीच नव्हती. नंतर कर्करोग विभाग नव्याने आखताना सेवाच रुग्णाजवळ आणल्या गेल्या.

2020 च्या साथीने प्रतीक्षा कक्षाकडे बघण्याची नजरच बदलली. बंद खोलीत ताटकळणे हा त्रासच नव्हे तर धोकाही आहे, हे जागतिक आरोग्य संघटनेने नैसर्गिक वायुवीजनावरच्या 2009 च्या मार्गदर्शनातून आधीच सुचवले होते. आता काही नव्या दवाखान्यांत तपासणीच्या खोलीला दोन दारे असतात. बाहेरच्या दाराने रुग्ण थेट आपल्या खोलीत येतो, आतल्या दाराने डॉक्टर आणि परिचारिका येतात, आणि रक्ताचा नमुनाही तिथेच घेतला जातो. रुग्ण एकदा बसला की निघेपर्यंत त्याला उठावे लागत नाही.